ड्रायव्हरमधल्या एलईडींना नावं द्यायची कशी? (लिनक्स, डिव्हाइस ट्री वगैरे)

काडीपेटी
आमच्याकडे एका औद्योगिक गेटवेचा बोर्ड घडतोय. पुढच्या पट्टीवर एक पॉवरचा दिवा, एक स्टेटसचा (लाल-हिरवा एकाच खोक्यात), दोन लॅन पोर्टांचे आणि एक मोबाईल मॉडेमचा. सगळे जीपीआयओवर (प्रोसेसरच्या साध्या चालू-बंद पिनांवर). वेगळा ड्रायव्हर लिहायचीही गरज नाही, तयार 'जीपीआयओ-लेड्स' ड्रायव्हरला डिव्हाइस ट्रीतून (बोर्डावर काय काय आहे ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणारी फाईल) माहिती दिली की झालं. पण नावं काही ठरेनात.

हार्डवेअरचा माणूस म्हणतो, स्किमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) डी५, डी६ आहे तेच ठेवा, दुरुस्तीला बरं पडतं. साहेब म्हणतात, नावात प्रॉडक्टचं नाव आलंच पाहिजे. ॲप लिहिणारी पोरं म्हणतात, 'लेड१, लेड२' द्या, पुढचं आम्ही बघतो. माझं म्हणणं, दिवा कशासाठी आहे ते नावात असावं, रंग असला तर असला. मीटिंगमध्ये मी एकटा पडलो. कर्नलवाल्यांचा काही शिरस्ता आहे असं ऐकून आहे, पण जुन्या बोर्डांच्या फायली उघडाव्यात तर प्रत्येकीत निराळंच. कोणी यातून गेलंय का?

(फायलींचे मार्ग इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

रवंथ
आज जो डी५ आहे तो पुढच्या रिव्हिजनला डी११ होणार. हार्डवेअरवाल्याला चहा पाजा आणि विषय बदला.

शुभा_म्युनिक
शिरस्ता आहे, आणि बराच जुना आहे. एलईडींचा वर्ग कर्नलमध्ये आला २००६ साली, २.६.१७ मध्ये. रिचर्ड पर्डी यांनी तो आणला, आणि सुरुवातीचे ग्राहक म्हणजे शार्पचे झॉरस, ते छोटे पीडीए, खिशातले संगणक. त्या ड्रायव्हरांमधली नावं 'कॉर्गी:ॲम्बर', 'स्पिट्झ:ग्रीन' अशा वळणाची. पुढे त्याचं तीन भागांचं सूत्र झालं: उपकरण, रंग, काम, मध्ये अपूर्णविराम. एखादा भाग नसला तर जागा रिकामी सोडायची. म्हणून /सिस/क्लास/लेड्स मध्ये (कर्नल सगळ्या दिव्यांच्या नोंदी दाखवतं तो फोल्डर) थिंकपॅडच्या ड्रायव्हरचे 'टीपीएसीपीआय::पॉवर' असे जोड-अपूर्णविराम दिसतात. तिथे रंग सांगितलेला नाही, एवढंच.

खरी गोची पहिल्या भागाची. 'उपकरण' म्हणजे काय हे कोणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून ज्याने त्याने तिथे बोर्डाचं किंवा कंपनीचं नाव घातलं. तुझे साहेब तेच मागताहेत. २०१९ मध्ये, ५.४ च्या सुमारास, याची नीट घडी घातली गेली. आता डिव्हाइस ट्रीमध्ये 'कलर' आणि 'फंक्शन' असे दोन वेगळे गुणधर्म द्यायचे आणि नाव कर्नल स्वतः जुळवतं. पूर्वीचं 'लेबल' चालतं, पण नव्या कामात वापरू नका असं दस्तऐवजातच आहे. पहिल्या भागाबद्दलही स्पष्ट लिहिलंय: तिथे कर्नलने दिलेली ओळख यावी, जसं नेटवर्कला 'फाय०' किंवा कीबोर्डला 'इनपुट३'. प्रॉडक्टचं नाव नको, ती माहिती सिसएफएसमध्ये (म्हणजे /सिस खाली) दुसरीकडे मिळतेच. तुझ्या बोर्डावरचे दिवे कुठल्याच उपउपकरणाचे नाहीत, तेव्हा तो भाग गाळायचा. उरतं 'ग्रीन:स्टेटस'.

आणि फंक्शनचा शब्द मनाने घालायचा नाही. डीटी-बाइंडिंग्जमधल्या (डिव्हाइस ट्रीसाठी ठरवून दिलेले शब्द) लेड्स/कॉमन.एच मध्ये यादी आहे: पॉवर, स्टेटस, लॅन, वॅन, डिस्क, चार्जिंग, फॉल्ट, हार्टबीट, मायक्रोफोन बंद असल्याचा 'माइकम्यूट', अगदी गेमपॅडच्या 'प्लेअर-१' पर्यंत. हवा तो नसला तर पॅच पाठवा म्हणतात.

मेघनाद
शुभाताईंशी सहमत. साहेबांचं ऐकलं तर काय होतं ते ओपनडब्ल्यूआरटीत (राउटरवर चालणारी लिनक्स प्रणाली) बघून घ्या. तिथे वर्षानुवर्षं 'टीपी-लिंक:ग्रीन:वॅन' छापाची नावं होती. घरच्या राउटरवर कोण कुणाला विचारणार आहे की हा दिवा कोणत्या कंपनीचा? खोकं तर एकच आहे समोर. वर एकच बोर्ड चार कंपन्या आपापलं लेबल चिकटवून विकतात, म्हणजे एका फाईलने जे भागलं असतं त्याला चार फायली.

२०२० मध्ये त्यांनी ठरवून नावातून उपकरणाचा भाग काढला. काढायला सोपा, पण लोकांच्या /ईटीसी/कॉन्फिग/सिस्टम मध्ये जुनी नावं लिहिलेली! 'सिसएफएस' या पर्यायापुढे अख्खं नाव असतं. राउटर अपग्रेड झाला की सेटिंग आंधळी. मग स्थलांतराची स्क्रिप्ट आली, पहिल्या बूटला जुन्या नावाचा पुढचा तुकडा कापून टाकणारी. स्क्रिप्टमधल्या त्या तुकड्याचं नावच आहे 'रिमूव्ह_डिव्हाइसनेम_लेड्स'. एका चुकीच्या शिरस्त्याची एवढी किंमत.

गाभारा
मी उलट बाजूने बोलतो. 'काम' नावात घालणं हीच मुळात चूक आहे. दिवा हे हार्डवेअर, त्याचं काम ही पॉलिसी, आणि पॉलिसी ड्रायव्हरमध्ये नको हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. तुम्ही त्याला 'स्टेटस' म्हणाल आणि ग्राहक त्यावर व्हीपीएन चालू आहे की नाही ते दाखवेल. मग 'स्टेटस' नावाचा दिवा व्हीपीएन दाखवतोय. रंग निदान खोटं बोलत नाही. जागाही नाही: 'डावीकडून दुसरा' हे कधीच बदलणार नाही.

रवंथ
उलटा बसवला तर?

गाभारा
रवंथ, तुला कामं नाहीत का.

शुभा_म्युनिक
गाभारा, मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी ट्रिगर वेगळे ठेवलेत. नाव सांगतं पट्टीवर काय छापलंय, बनवणाऱ्याने दिवा कशासाठी बसवला. आज त्यावर काय चमकतंय ते 'ट्रिगर' फाईल सांगते: टाइमर, हार्टबीट, नेटडेव्ह (नेटवर्कची हालचाल), डिस्क-ॲक्टिव्हिटी, जे हवं ते. ग्राहकाने 'स्टेटस'ला नेटडेव्ह लावून व्हीपीएनच्या इंटरफेसला जोडलं तर नाव बदलायचं कारण नाही. खोक्यावरची छपाई तो थोडाच खोडणार आहे?

'डावीकडून दुसरा' मात्र सॉफ्टवेअरच्या काय कामाचं? कीबोर्डच्या प्रकाशाचं उदाहरण घे. सिस्टमडी ही लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारी प्रणाली, तिच्या यूडेव्ह (उपकरणं हाताळणारा भाग) नियमात नमुना आहे: नाव 'केबीडी_बॅकलाइट' ने संपत असेल तर बंद करताना त्याची तीव्रता जपून ठेव, पुन्हा चालू झाल्यावर तीच दे. डेस्कटॉपसाठी वीज-बॅटरी बघणारं यूपॉवरही याच शब्दाने शोधतं. म्हणून डेलचा 'डेल::केबीडी_बॅकलाइट', असूसचा 'असूस::केबीडी_बॅकलाइट', ॲपलच्या जुन्या लॅपटॉपवर 'एसएमसी::केबीडी_बॅकलाइट'. पुढचा भाग प्रत्येकाचा वेगळा, शेवट तोच. या ड्रायव्हरवाल्यांनी 'कीजच्या खालचा पांढरा' असं काही ठेवलं असतं तर डेस्कटॉपवरचा तो स्लायडर कुठल्या आधारावर चालला असता?

तिसरीघंटा
यातच एक फट आहे. दोन उपकरणांनी एकच नाव मागितलं तर कर्नल दुसऱ्याला '_१' जोडून देतं. 'केबीडी_बॅकलाइट_१' त्या शेवटाच्या नमुन्यात बसत नाही. म्हणजे दुसऱ्या कीबोर्डचा प्रकाश जपला जाणार नाही. पहिला भाग पूर्ण गाळायचा सल्ला देताना हे लक्षात असू द्या. एकाच बोर्डावर ठीक, बाहेरून जोडायच्या वस्तूंना नाही.

अण्णा_सोलापूरकर
तुमचं सगळं बरोबर असेल, पण आमच्यासारख्या सर्व्हर रूमवाल्यांना नावाशी देणंघेणं नसतं. रॅकच्या मागे उभा राहिलो की समोर चाळीसएक लुकलुकणारे पोर्ट. तिथे 'ग्रीन:लॅन' वाचून काय करू? एथटूल या आज्ञेला वजा-पी देऊन इंटरफेसचं नाव आणि सेकंद सांगायचे, त्या पोर्टाचा दिवा तेवढा वेळ उघडझाप करतो. मागे माणूस उभा करायचा, पुढून हाक मारायची, "दिसला का?" डिस्कांचंही तसंच, एन्क्लोजरमध्ये (डिस्कांच्या कपाटात) प्रत्येक खणाला 'लोकेट' आणि 'फॉल्ट' वेगवेगळे असतात. 'लोकेट' मध्ये १ लिहायचं आणि तो खण शोधायचा. चुकीची डिस्क ओढली तर काय होतं ते इथे लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

आणखी एक. काडीपेटी, तुमचं खोकं कारखान्यात बसणार ना? मग रंगांचा अर्थ तुमच्या हातात नाही. आयईसी ६००७३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्याला. लाल म्हणजे धोका किंवा आणीबाणी, पिवळा म्हणजे काहीतरी नेहमीसारखं नाही, हिरवा म्हणजे सुरळीत. पॅनेलवर मॉडेम सिग्नल शोधतोय म्हणून लाल लावलात तर ऑपरेटर मशीन थांबवेल आणि शिव्या तुम्हाला पडतील.

विद्या_कोल्हापूर
लाल-हिरवा एकाच खोक्यात ही कल्पना ज्याची कुणाची असेल त्याला सांगा, आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांना दोन्ही सारखेच दिसतात. निदान लाल असताना लुकलुकू द्या.

आता मूळ विषयावर. शाळेत रास्पबेरी पायवर (छोटासा एका बोर्डाचा संगणक) मुलांना पहिला धडा म्हणून बोर्डावरचा हिरवा दिवा चालू-बंद करायला शिकवते. वाटलेल्या कागदावर लिहिलेलं होतं /सिस/क्लास/लेड्स/लेड०. कार्डांवर नवीन प्रणाली घातली आणि वर्गात एकदम गलका, "बाई, फाईलच नाही!" बघितलं तर 'लेड०' चं 'एसीटी' (ॲक्टिव्हिटी) आणि 'लेड१' चं 'पीडब्ल्यूआर' (पॉवर) झालेलं. नवीन नावं चांगलीच आहेत, बोर्डावर दिव्याशेजारी तीच छापलेली आहेत, मुलांना पटकन कळतात. पण नेटवरचे निम्मे लेख अजून जुन्या नावाने. ॲप लिहिणाऱ्या तुमच्या पोरांना हे सांगा: 'लेड१' मागताहेत, पण उद्या एक दिवा वाढला की आकडे सरकतील आणि तेच ओरडत येतील.

गंमत म्हणजे पायच्या सेटिंगच्या कॉन्फिग.टीएक्सटी फाईलमधला 'एसीटी_लेड_ट्रिगर' हा पर्याय जसाच्या तसा चालला. तो कामाच्या नावाने होता म्हणून वाचला.

काडीपेटी
विद्याताई, हा मुद्दा उद्याच्या मीटिंगमध्ये ढापतोय.

दिवाभीत
अवांतर: थिंकपॅडच्या ड्रायव्हरमधली नावांची यादी कोणी वाचली आहे का? पॉवर, स्टँडबाय, नारिंगी बॅटरी, हिरवी बॅटरी, डॉक, झाकणावरच्या 'आय'चा लाल ठिपका ('लिड_लोगो_डॉट'), आणि मधेच 'टीपीएसीपीआय::अननोन_लेड'. पुढे 'अननोन_लेड३' पण आहे. कोणालाच माहीत नाही तो दिवा कशाचा, पण नाव शिरस्त्याप्रमाणे, अपूर्णविराम जागच्या जागी.

रवंथ
कामावरून नाव द्यायचं, आणि काम माहीत नसलं तर तेही नावात सांगायचं. गाभारा, बघ, यात खोटं काहीच नाही.

दिवाभीत
बॅशमध्ये हे अपूर्णविराम मात्र डोकं उठवतात. टॅब दाबला की प्रत्येकाच्या आधी तिरकी रेघ येते: टीपीएसीपीआय\:\:पॉवर. कारण बॅश अपूर्णविरामाला शब्द तोडणारं चिन्ह समजतं. अवतरणचिन्ह सुरू करून मग टॅब दाबा, सुटका होते.

मेघनाद
खरा छळ कॅप्सलॉकचा. दिव्याचं नाव 'इनपुट३::कॅप्सलॉक'. कीबोर्ड काढून पुन्हा लावला की इनपुट१७. ब्लूटूथचा असेल तर झोपून उठला तरी नवा आकडा. मला स्क्रोललॉकच्या दिव्यावर नवीन मेल दाखवायची होती (कोण वापरतं नाहीतरी ते बटण), तर स्क्रिप्टमध्ये ताऱ्याने सगळेच शोधावे लागले आणि तिन्ही कीबोर्ड लुकलुकायला लागले. यूडेव्हने स्थिर नाव देता येईल का?

तिसरीघंटा
नाही देता येत. यूडेव्ह फक्त नेटवर्क इंटरफेसांची नावं बदलतं, बाकीच्यांना /डेव्ह मध्ये पर्यायी दुवा करून देतं. एलईडीला /डेव्ह मध्ये नोडच (उपकरणाची फाईल) नसतो, सगळा कारभार सिसएफएसमध्ये. मग दुवा कुठून करणार? नेटवर्कवाल्यांचा 'ईथ०' वगैरे नावं अदलाबदल होण्याचा गोंधळ २०१३ मध्ये सिस्टमडी १९७ ने मिटवला, 'ईएनपी३एस०' वगैरे आलं (त्यावरही लोक अजून भांडतात ते सोडा). एलईडींसाठी असं काहीच नाही.

त्यामुळे नावावरून शोधू नका, उपकरणावरून शोधा. /सिस/क्लास/लेड्स मधली प्रत्येक नोंद म्हणजे खऱ्या जागेचा दुवा. रीडलिंक या आज्ञेने तो उलगडला की यूएसबीचं कोणतं पोर्ट, कोणता कीबोर्ड, सगळं मार्गात दिसतं. कर्नलच्या टूल्स/लेड्स मध्ये यासाठी एक स्क्रिप्टही आहे, 'गेट_लेड_डिव्हाइस_इन्फो'. पहिल्या भागात प्रॉडक्ट का नको याचं उत्तरही इथेच आहे: दोन कीबोर्ड एकाच कंपनीचे असले तर नावाने कळणार नाहीत, मार्गाने कळतात.

गाभारा
म्हणजे शेवटी माझ्याच वळणावर आलात. नाव महत्त्वाचं नाही, जागा महत्त्वाची.

तिसरीघंटा
*कोणत्या* उपकरणाचा दिवा, हे जागेवरून. *कशाचा* दिवा, हे नावावरून. दोन्ही प्रश्न एकाच ओळीत कोंबायला गेलं की 'टीपी-लिंक:ग्रीन:वॅन' होतं.

मेघनाद
ओपनडब्ल्यूआरटीने गाभाऱ्याच्या तक्रारीवर दुसरीच वाट काढली आहे. डिव्हाइस ट्रीच्या 'एलियासेस' (टोपणनावं) मध्ये चार भूमिका: लेड-बूट, लेड-फेलसेफ, लेड-रनिंग, लेड-अपग्रेड. कुठला दिवा ती भूमिका करतो ते प्रत्येक बोर्ड सांगतो. बऱ्याच राउटरांवर चारही भूमिका एकाच दिव्याकडे. स्क्रिप्टा भूमिकेला हाक मारतात, दिव्याचं नाव काही का असेना. काडीपेटी, तुझ्या ॲपवाल्यांना हे दे.

शुभा_म्युनिक
रंगाबद्दल एक राहिलं. यादीत ॲम्बर, यलो आणि नंतर आलेला ऑरेंज, तिन्ही आहेत, आणि बोर्डाबोर्डाला तोच दिवा वेगळ्या रंगाने नोंदलेला सापडतो. डोळ्याने ठरवू नका, भागाच्या डेटाशीटमध्ये जे लिहिलंय ते घ्या आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये बदलू नका.

खरोखर मिश्र रंग दाखवणारा दिवा असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी ५.९ पासून, म्हणजे २०२० पासून, मल्टिकलर वर्ग आहे. एकच नोंद, 'मल्टी_इंटेन्सिटी' मध्ये प्रत्येक रंगाचा आकडा. कुठलाही रंग, पांढरासुद्धा, दाखवू शकत असेल तर रंगाच्या जागी 'आरजीबी'. तुझ्या लाल-हिरव्यासाठी एवढं नको. दोन जीपीआयओ, दोन नोंदी: 'रेड:स्टेटस' आणि 'ग्रीन:स्टेटस'. रंगाचा भाग नावात ठेवण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच, काम एकच पण दिवे दोन.

दिवाभीत
बीएसडीवाल्यांचं (युनिक्सची दुसरी शाखा) बरं. फ्रीबीएसडीत /डेव्ह/लेड/ खाली थेट नाव, 'एरर' म्हटलं की एरर. रंग नाही, उपकरण नाही. वर 'एफ२' लिहिलं की लुकलुक सुरू, आणि मॉर्सची सोय हातातच: मॉर्स आज्ञेचं आउटपुट त्या फाईलमध्ये सोडलं की दिवा बोलायला लागतो. त्यांच्या मॅन्युअल पानावर तेच उदाहरण आहे. पोल-हेनिंग कांप यांचं काम.

अण्णा_सोलापूरकर
मॉर्स नको, हार्टबीट पुरे. लोकांना वाटतं तो नुसता जिवंत असल्याची खूण आहे. मशीनवर भार नसताना एक ठोका १२६० मिलिसेकंदांचा, लोड १ असेल तर ८६०, ५ असेल तर ५१०, आणि कितीही वाढला तरी ३०० च्या खाली जात नाही. सवय झाली की दारातूनच कळतं आत काय चाललंय ते. काडीपेटी, स्टेटसच्या हिरव्याला हाच लावा. आणि लाल्याला 'पॅनिक-इंडिकेटर' लावा, कर्नल पडलं की तो लुकलुकतो. विद्याताईंच्या सहायकांचंही भागेल.

विद्या_कोल्हापूर
आभार अण्णा. एक खबरदारी, मुलं यात नेहमी अडकतात: 'ब्राइटनेस' मध्ये ० लिहिलं की दिवा विझतोच, पण ट्रिगरही सुटतो. मग "हार्टबीट गेला" म्हणून बोंब. ॲपने मध्येच शून्य लिहिलं तर तुमचा ठोका बंद.

काडीपेटी
सगळ्यांचे आभार, मीटिंग झाली. डी५ पडला, 'लेड१' पडला. साहेब अजून प्रॉडक्टच्या नावाला चिकटून आहेत, त्यांचं बघतो. डिव्हाइस ट्रीत आत्ता असं आहे:

पॉवर: कलर हिरवा, फंक्शन पॉवर, लेबल 'पॉवर'.
स्टेटस: दोन नोंदी, लाल आणि हिरवा, लेबल 'स्टेटस-लाल', 'स्टेटस-हिरवा'. ट्रिगर अण्णांनी सांगितले तसे.
लॅन: दोन्ही हिरवे, फंक्शन लॅन, फंक्शन-एन्युमरेटर (एकाच कामाच्या दिव्यांना क्रमांक) ० आणि १.
मॉडेम: फंक्शन वॅन. यादीत मॉडेम असं काही दिसलं नाही, आणि आमची बाहेरची वाट तीच आहे.

पण /सिस/क्लास/लेड्स मध्ये 'ग्रीन:पॉवर' न येता नुसतं 'पॉवर' आणि 'स्टेटस-लाल' वगैरेच येतंय. का?

शुभा_म्युनिक
लेबल दिलंस म्हणून. लेबल असलं की कर्नल तेच उचलतं, रंग-फंक्शनकडे बघतही नाही. सगळी लेबलं काढून टाक.

तिसरीघंटा
एन्युमरेटर पट्टीवर छापलंय तसा ठेव. खोक्यावर 'लॅन १, लॅन २' असेल तर १ आणि २ दे, ० नको. नाहीतर सपोर्टवाल्याला फोनवर "लॅन-०" म्हणजे कोणता ते समजावत बसावं लागेल.

काडीपेटी
काढली लेबलं. ग्रीन:पॉवर, रेड:स्टेटस, ग्रीन:स्टेटस, ग्रीन:लॅन-१, ग्रीन:लॅन-२, ग्रीन:वॅन. साहेबांना /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल कॅट करून दाखवलं, त्यात प्रॉडक्टचं पूर्ण नाव रिव्हिजनसकट आहे. म्हणाले, "हां, मग इथे आहे ना, चालेल."

रवंथ
आणि डी५ वाला?

काडीपेटी
डिव्हाइस ट्रीत प्रत्येक नोंदीवर कॉमेंट टाकली, 'स्किमॅटिकवर डी५'. पुढच्या रिव्हिजनला ती बदलायची जबाबदारी त्याच्यावर.